महापालिकेच्या जुन्या साप्ताहिकातून शहराचा इतिहास कसा शोधावा : ‘कलकत्ता म्युनिसिपल गॅझेट’ वाचण्याची पद्धत

महापालिकेने स्वतः चालवलेले जुने नियतकालिक हाती आले की अभ्यासक बहुधा दोन चुका करतात. छायाचित्रांनी भरलेले विशेषांक आधी चाळायचे आणि त्यांतील लेखांवरून शहराचे चित्र उभे करायचे, ही पहिली चूक. दुसरी अधिक खोलवर जाणारी आहे. सभेत मंजूर झालेला ठराव म्हणजे शहरात प्रत्यक्ष घडलेली गोष्ट, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात ठराव, सरकारी मंजुरी, निविदा, काम आणि शेवटचे बिल यांच्यामध्ये कित्येक वर्षे जातात, काही ठराव कागदावरच राहतात आणि शहराचा खरा इतिहास बहुतेक वेळा या मधल्या अंतरातच सापडतो. ते अंतर मोजण्याची पद्धत पुढे दिली आहे. उदाहरणासाठी ‘कलकत्ता म्युनिसिपल गॅझेट’ हे इंग्रजी साप्ताहिक घेतले आहे. १५ नोव्हेंबर १९२४ रोजी सुरू झालेल्या आणि अमल होम यांच्या संपादनाखाली वाढलेल्या या साप्ताहिकात सभांचे वृत्तांत, समित्यांचे अहवाल, आरोग्याचे तक्ते, सूचना, लेख आणि जाहिराती एकाच ठिकाणी मिळतात, त्यामुळे पद्धत शिकण्यासाठी ते फार सोयीचे आहे.

वाचनाला बसण्यापूर्वी

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय पहिला अंक उघडू नये.

एक, शहराचा त्या काळातील नकाशा आणि आजचा नकाशा. दोन, तारीखवार नोंदी करण्यासाठी तक्ता. तो वहीत असो वा संगणकावर, पण त्यातील रकाने पहिल्या दिवशी ठरवून घ्यावेत आणि मधेच बदलू नयेत. तीन, मापांचे कोष्टक. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, हे बहुतेकांना ठाऊक असते. जमिनीच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातील वाचक हमखास अडखळतो. बंगालमध्ये एक कठ्ठा म्हणजे ७२० चौरस फूट, वीस कठ्ठ्यांचा एक बिघा आणि सोळा छटाकांचा एक कठ्ठा. आपल्याकडील गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो, म्हणजे कठ्ठ्याचा जवळजवळ दीडपट. ‘तीन कठ्ठे जागा’ हे शब्द वाचून मनात तीन गुंठ्यांचे चित्र आले तर घरांच्या दाटीचा सगळा अंदाज चुकतो. पाण्याचे आकडे गॅलनमध्ये असतात. तो ब्रिटिश गॅलन, सुमारे साडेचार लिटरचा. कचऱ्याचे आणि धान्याचे आकडे मणात आले तर बंगाली मण सुमारे ३७ किलोचा धरावा.

टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात, ठिकाण आणि काळासह लिहावा

‘कलकत्त्याच्या नागरी जीवनाचा अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘१९२४ ते १९३९ या काळात शहराच्या पूर्वेकडील वस्त्यांत पावसाचे पाणी का साचत राहिले आणि त्यावर महापालिकेने कोणते उपाय कोणत्या क्रमाने केले’ हा प्रश्न आहे. त्यात जागा आहे, काळ आहे, आणि उत्तर खरे की खोटे हे तपासण्याची सोय आहे. साप्ताहिक असल्यामुळे वर्षाला पन्नासच्या आसपास अंक निघतात. प्रश्न सैल असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांच्या अंकांतच नोंदींचा ढीग होतो आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

*तपासणी :* प्रश्नातून गावाचे नाव काढून दुसऱ्या कोणत्याही शहराचे नाव घातले तरी तो तसाच लागू पडत असेल, तर तो अजून पुरेसा नेमका झालेला नाही.

टप्पा २ : कायदा आणि अधिकारपदे आधी समजून घ्यावीत

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सर्वांत जास्त टाळला जातो, आणि सर्वांत जास्त चुकाही त्यामुळेच होतात.

सर सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री असताना १९२३ चा कलकत्ता म्युनिसिपल कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९२४ पासून अमलात आला. त्याने सरकारनियुक्त अध्यक्षाच्या जागी सदस्यांनी दरवर्षी निवडलेला महापौर आणला. सभागृहात निवडून आलेल्या नगरसेवकांबरोबर सरकारने नेमलेले सदस्य होते, बंगाल चेंबर ऑफ कॉमर्स, ट्रेड्स असोसिएशन आणि पोर्ट कमिशनर्स यांच्या राखीव जागा होत्या, शिवाय नगरसेवकांनी निवडलेले पाच आल्डरमन होते. म्हणून वृत्तांतात एखाद्याने भाषण केले असे दिसले की तो कोणत्या वाटेने सभागृहात आला हे आधी पाहावे. युरोपीय व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधीने पाणीपुरवठ्यावर केलेली तक्रार आणि उत्तर कलकत्त्यातील एखाद्या मतदारसंघातून निवडून आलेल्या सदस्याची तक्रार यांचे वजन सारखे नसते.

मराठी वाचकासाठी येथे एक खास धोका आहे. मुंबईत १८८८ च्या कायद्यापासून कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे राहिली. कलकत्त्यात १९२४ नंतरचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारच्या संमतीच्या अधीन राहून महापालिकाच नेमत असे. त्या पदावरील व्यक्तीला मनातल्या मनात ‘आयुक्त’ समजून वाचले की प्रशासन आणि सभागृह यांच्यातील प्रत्येक वाद उलटा दिसू लागतो. पहिल्या निवडणुकीनंतर स्वराज्य पक्षाचे बहुमत झाले, चित्तरंजन दास महापौर झाले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सुभाषचंद्र बोस यांची नेमणूक झाली. बोस यांना २५ ऑक्टोबर १९२४ रोजी अटक झाली. गॅझेटचा पहिला अंक त्यानंतर तीन आठवड्यांनी निघाला. म्हणजे हे नियतकालिक निघाले तेच सरकार आणि महापालिका यांच्यातील संघर्षाच्या ऐन भरात. त्यातील ‘नागरिकांसाठी केलेल्या कामां’च्या नोंदी वाचताना ही पार्श्वभूमी सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण निवडून आलेले भारतीय सभागृह शहर चालवू शकते हे दाखवून देणे ही त्या काळची राजकीय गरज होती.

महापालिकेच्या हातात काय नव्हते, याचीही वेगळी यादी करावी. रुंद नवे रस्ते, जुन्या वस्त्या पाडून केलेली पुनर्रचना आणि दक्षिणेकडील ढाकुरिया तलावाचा परिसर ही कामे १९११ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची होती. बंदर आणि त्याच्या जागा पोर्ट कमिशनर्सकडे, ट्राम आणि वीज खासगी कंपन्यांकडे, पोलीस सरकारकडे. गॅझेटमध्ये या सर्वांविषयी मजकूर येतो, म्हणून ही सर्व कामे महापालिकेनेच केली असा समज होतो.

*इशारा :* मार्च १९४८ मध्ये सरकारने सभागृह बरखास्त केले आणि निवडून आलेले सभागृह १९५२ मध्येच परत आले. या चार वर्षांच्या अंकांत वाद-चर्चा दिसत नाही याचा अर्थ शहरात मतभेद उरले नव्हते असा घेऊ नये.

टप्पा ३ : नकाशावर हद्द आणि नावे बसवून घ्यावीत

१९२३ च्या कायद्याने माणिकतला, काशीपूर-चितपूर आणि गार्डन रीच या शेजारच्या नगरपालिका कलकत्त्यात आल्या. यांपैकी गार्डन रीच १९३२ मध्ये पुन्हा वेगळे झाले आणि १९८४ मध्ये परत शहरात आले. साहजिकच १९३१ चे ‘कलकत्ता’ आणि १९३३ चे ‘कलकत्ता’ ही एकच जागा नव्हे. रस्त्यांची लांबी, दिव्यांची संख्या, करदात्यांची संख्या, मृत्यूंचे आकडे या सर्वांत त्या वर्षी जो उतार दिसेल, त्याचे कारण आधी हद्दीत शोधावे आणि नंतरच कारभारात.

वॉर्डांचेही तसेच. आजच्या १४४ वॉर्डांचे क्रमांक त्या काळच्या वॉर्डांशी जुळत नाहीत. क्रमांकावर विसंबून न राहता वॉर्डाच्या चारही बाजूंचे रस्ते लिहून घ्यावेत.

त्यानंतर रस्त्यांच्या नावांचे कोष्टक करावे. हॅरिसन रोड म्हणजे आजचा महात्मा गांधी रोड, कॉर्नवॉलिस स्ट्रीट म्हणजे विधान सरणी, धर्मतला स्ट्रीट म्हणजे लेनिन सरणी, लोअर सर्क्युलर रोड म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, अप्पर सर्क्युलर रोड म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड, क्लाइव्ह स्ट्रीट म्हणजे नेताजी सुभाष रोड. महापालिकेचे मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे तो कॉर्पोरेशन स्ट्रीट आज सुरेंद्रनाथ बॅनर्जी रोड म्हणून ओळखला जातो. नावबदलाचा ठराव ज्या अंकात आला त्याची तारीख स्वतंत्र नोंदवावी, पण लोकांच्या बोलण्यात आणि पत्त्यांवर जुने नाव नंतरही बराच काळ टिकते हे विसरू नये. नेमके घर शोधायचे असेल तर थॅकरच्या वार्षिक डिरेक्टरीतील रस्तावार यादी फार उपयोगी पडते, कारण तिच्यात घरक्रमांकासमोर तेथील दुकान, कचेरी किंवा रहिवासी दिलेला असतो.

*तपासणी :* पुढे जाण्यापूर्वी आपल्या प्रश्नातील प्रत्येक ठिकाण जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नकाशांवर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

टप्पा ४ : अंकांची यादी आधी, वाचन नंतर

शोधाची सुरुवात कोलकात्यातील अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीपासून करावी. काही खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन स्वरूपात आहेत, मात्र त्यांची शीर्षके आणि वर्षे अनेकदा चुकीची भरलेली असतात, त्यामुळे प्रत्येक फाइल उघडून पहिल्या पानावरील तारीख पाहिल्याशिवाय ती यादीत घेऊ नये.

यादीत प्रत्येक अंकासमोर तारीख, खंड, अंक क्रमांक, पाने पूर्ण आहेत की नाहीत, आणि पुरवणी जोडलेली आहे की नाही हे लिहावे. येथे तीन दिनदर्शिका एकमेकींत मिसळतात. पहिला अंक नोव्हेंबरात निघाल्यामुळे खंडांची मोजणी जानेवारी-डिसेंबर वर्षाशी जुळत नाही. महापालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. नवा महापौरही त्या काळी दरवर्षी वसंतातच निवडला जाई. म्हणून टिपणात नुसते ‘१९२९’ कधीही लिहू नये. अंकाची पूर्ण तारीख लिहावी आणि मजकूर ज्या आर्थिक वर्षाचा आहे ते ‘१९२८-२९’ असे वेगळे लिहावे.

बांधणी करताना जुन्या ग्रंथालयांत जाहिरातींची पाने आणि वेष्टने काढून टाकण्याची रीत होती. बांधलेल्या खंडात जाहिराती दिसत नाहीत म्हणजे त्या छापल्याच गेल्या नव्हत्या, असा निष्कर्ष काढू नये. पृष्ठक्रमांकांचा सलगपणा तपासला की काय गळाले आहे ते कळते.

स्कॅनमध्ये शब्दशोध करणार असाल तर त्या काळची स्पेलिंगे वापरावीत. ‘बस्ती’ हा शब्द तेव्हा इंग्रजीत बी-यू-एस-टी-ई-ई असा लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधले तर अख्ख्या दशकात झोपडवस्तीचा उल्लेखच नाही असे वाटेल. शिवाय अस्पष्ट छपाईमुळे यंत्राला कित्येक शब्द वाचताच येत नाहीत. शब्दशोध हा पूरक उपाय आहे. तो पाने उलटण्याची जागा घेऊ शकत नाही.

टप्पा ५ : काही अंक अथपासून इतिपर्यंत वाचावेत

आपल्या विषयाची पाने शोधण्याआधी निरनिराळ्या ऋतूंतले काही अंक, म्हणजे उन्हाळ्याच्या पाणीटंचाईच्या दिवसांतला, पावसाळ्यातला आणि अंदाजपत्रकाच्या सुमाराचा असा एकेक अंक, पूर्ण वाचून काढावा. हे वाचन शेवटच्या पानांपासून सुरू करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निविदांच्या सूचना, नोकरभरती, कराच्या नोटिसा, मृत्यूंचा साप्ताहिक तक्ता ही पाने कोणाचे मन वळवण्यासाठी लिहिलेली नसतात. त्यांत शहर चालवणाऱ्या माणसांना त्या आठवड्यात नेमके काय हवे होते आणि काय कमी पडले होते ते दिसते. लोखंडी नळांच्या निविदा कोणत्या महिन्यात निघतात, कचरा वाहणाऱ्या बैलांसाठी चारा केव्हा मागवला जातो, शिक्षिकांच्या जागा कोणत्या भागातील शाळांसाठी आहेत, या बारीक गोष्टींतून पुढच्या लेखांची परीक्षा करण्याचे साधन मिळते. त्यानंतर सभांचा वृत्तांत, त्यानंतर समित्यांचे अहवाल, आणि सर्वांत शेवटी अग्रलेख व सजवलेले लेख घ्यावेत.

या क्रमाने वाचले की नियतकालिकाची सवय कळते: कोणता मजकूर दर आठवड्याला येतो, कोणता क्वचित येतो आणि कोणता अचानक बंद होतो. एखादा नेहमीचा तक्ता दोन आठवडे गायब असेल तर त्या दोन आठवड्यांची इतर वृत्तपत्रे ताबडतोब काढावीत.

टप्पा ६ : एक विषय धरून शेवटपर्यंत जावे

हा या पद्धतीचा गाभा आहे आणि येथे वेळ वाचवू नये.

कोणत्याही नागरी कामाला साधारणपणे या पायऱ्या असतात: तक्रार किंवा मागणी, समितीकडे सोपवणे, अभियंत्याचा अहवाल, सभागृहाचा ठराव, कर्ज किंवा मोठा खर्च असल्यास सरकारची मंजुरी, निविदा आणि ठेका, कामाची सुरुवात, काम पूर्ण झाल्याची नोंद, आणि त्यानंतरची देखभाल व लेखापरीक्षण. नोंदींच्या तक्त्यात तारीख, पान, बोलणारा किंवा लिहिणारा, पायरी, रक्कम आणि ‘पुढे काय व्हायला हवे’ असे रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढच्या अंकांत काय शोधायचे ते तो सांगतो.

सांडपाण्याचा विषय घेऊ. हुगळीचा काठ उंच आणि जमीन पूर्वेकडे उतरती, त्यामुळे शहराचे पाणी नदीत न जाता पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे जाई आणि तेथून विद्याधरी नदीतून समुद्राकडे. विद्याधरी गाळाने भरत गेली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती निचऱ्याच्या कामाची राहिली नाही. गॅझेटच्या अंकांत याच सुमारास रस्त्यांवर तुंबलेल्या पाण्याच्या तक्रारी येतात. तेवढ्याच वाचल्या तर गल्लीतली गटारे साफ होत नव्हती एवढाच निष्कर्ष निघतो. मात्र धागा धरून पुढे गेले की पंपिंग स्टेशनची क्षमता, विद्याधरीची अवस्था, नवे मुख कोठे काढायचे यावरील मतभेद आणि शेवटी महापालिकेचे अभियंते डॉ. बी. एन. डे यांची, शहरापासून सुमारे ३० किलोमीटर पूर्वेला कुल्टी गांग या नदीत पाणी सोडण्याची योजना असा मार्ग दिसू लागतो. ती योजना प्रत्यक्षात यायला १९४० चे दशक उजाडले. गल्लीतल्या पाण्याचे कारण गल्लीत नव्हते आणि त्यावरचा उपाय एका सभागृहाच्या मुदतीत बसणारा नव्हता; सभागृहाची मुदत तीन वर्षांची होती आणि महापौर वर्षाचा. एवढी एक गोष्ट पुराव्यासह मांडता आली तरी महिनाभराचे वाचन सार्थकी लागले असे समजावे.

पाणीपुरवठ्यात आणखी एक गुंता आहे. कलकत्त्याला दोन प्रकारचे पाणी नळांनी मिळे. शहराच्या उत्तरेला पाल्टा येथे गाळलेले आणि टाला येथील उंच टाकीतून वाटले जाणारे पिण्याचे पाणी एक, आणि रस्ते धुण्यासाठी, आग विझवण्यासाठी व संडासांसाठी नदीतून तसेच उचललेले न गाळलेले पाणी दुसरे. ‘पाण्याचा दाब कमी झाला’ ही तक्रार दोहोंपैकी कोणत्या पाण्याविषयी आहे हे प्रत्येक नोंदीत लिहिले नाही तर पुढे सगळ्या नोंदी एकमेकींत मिसळतात आणि त्या सोडवणे अशक्य होते.

*इशारा :* ‘मंजूर’ हा शब्द दिसला की कोणी मंजूर केले ते लिहावे. समितीची मंजुरी, सभागृहाची मंजुरी आणि सरकारची मंजुरी या तीन वेगळ्या घटना आहेत.

*तपासणी :* प्रत्येक धाग्यासाठी ‘काम पूर्ण’ या पायरीचा किमान एक पुरावा गॅझेटबाहेरचा असावा. तो नसेल तर लेखात ‘योजले गेले’ लिहावे, ‘झाले’ लिहू नये.

टप्पा ७ : आकडे उतरवण्याआधी छेद कोणता ते पाहावे

आरोग्याच्या तक्त्यांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी दिलेले असते. साप्ताहिक प्रमाण हे बहुधा त्या आठवड्याचे मृत्यू वर्षभराच्या हिशेबाने वाढवून आणि मागील जनगणनेच्या लोकसंख्येने भागून काढलेले असते. १९२१ च्या जनगणनेवर १९३० चे प्रमाण काढले असेल तर मधल्या नऊ वर्षांत शहर जेवढे वाढले तेवढे प्रमाण फुगलेले दिसते, आणि नवी जनगणना लागू होताच मृत्यू ‘घटतात’. १९३१ मध्ये शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या आत होती. १९४१ मध्ये ती एकवीस लाखांच्या घरात मोजली गेली. ही उडी सगळी खरी मानू नये, कारण बंगालमधील १९४१ ची मोजणी जातीय चढाओढीमुळे फुगल्याचा आक्षेप त्या काळापासून घेतला गेला आहे. तो आकडा छेदात असलेले प्रत्येक प्रमाण संशयाने पाहावे.

मृत्यू कोणाचे, हाही प्रश्न आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण शहरातील इस्पितळांत येत आणि तेथे दगावलेल्यांची नोंद शहरात होई. उलट दिशेने, गिरण्या आणि गोदींत काम करणारे हजारो पुरुष बिहार, ओरिसा आणि संयुक्त प्रांतातून एकटेच येत. त्यांची मुले गावी जन्मत, त्यामुळे शहराचे जन्माचे प्रमाण खालावलेले दिसे. १९४३ च्या दुष्काळात तर खेड्यांतून उपाशी माणसे शहरात येऊन रस्त्यांवर मरण पावली. त्या मृत्यूंना शहराच्या लोकसंख्येने भागून काढलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही; तेथे मूळ संख्या, ती नोंदवणारी यंत्रणा आणि नोंदीची तारीख एवढेच द्यावे.

अंदाजपत्रकाचे आकडे वापरताना मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत. तुलना नेहमी प्रत्यक्ष खर्चाची प्रत्यक्ष खर्चाशी करावी.

टप्पा ८ : गॅझेट ज्यांच्याविषयी बोलते पण ज्यांना बोलू देत नाही

महापालिकेच्या नियतकालिकात करदाता नागरिक बोलतो, सदस्य बोलतो, अधिकारी बोलतो. बस्तीतला भाडेकरू, मैला वाहणारा कामगार, रस्त्यावरचा फेरीवाला यांच्याविषयी मात्र बोलले जाते. ही उणीव वाचकाने भरून काढायची असते आणि त्यासाठी दुसरी साधने लागतात.

१९२८ च्या सफाई कामगारांच्या संपाचे उदाहरण घ्यावे. प्रभावती दासगुप्ता आणि मुजफ्फर अहमद यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संघटनेने पगार आणि कामाच्या अटींसाठी तो केला. त्या काळातले गॅझेटचे अंक वाचताना तीन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात: साचलेल्या कचऱ्याविषयीचा मजकूर, कामगारांच्या मागण्यांविषयीचा मजकूर, आणि झालेला समझोता पुढे अंदाजपत्रकात उतरला की नाही. पहिला भाग सहज सापडतो. दुसऱ्यासाठी वृत्तपत्रे, कामगार संघटनांची पत्रके आणि पोलिसांचे गुप्त अहवाल पाहावे लागतात. तिसरा भाग बहुतेक जण शोधतच नाहीत, आणि माझ्या मते कामगारांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

साधने निवडताना त्यांचे परस्पर नाते पाहावे. ‘फॉरवर्ड’ हे दैनिक चित्तरंजन दासांनीच काढलेले होते. त्याने आणि गॅझेटने एकच गोष्ट सांगितली तर ती दोन स्वतंत्र साक्षींनी सिद्ध झाली असे होत नाही. ब्रिटिश मालकीच्या ‘स्टेट्समन’मधील टीका, ‘अमृतबाजार पत्रिका’, बंगाली ‘आनंदबाजार पत्रिका’ आणि प्रांतिक कायदेमंडळातील प्रश्नोत्तरे अशी वेगवेगळ्या हितसंबंधांची साधने समोर ठेवावीत. बंगाली वाचता येत नसेल तर तेवढ्यापुरती जाणकाराची मदत घ्यावी. केवळ इंग्रजी कागदांवरून बस्तीचा इतिहास लिहू नये.

टप्पा ९ : विशेषांक, छायाचित्रे आणि जाहिराती

येथवर आल्यावर विशेषांक उघडण्यास हरकत नाही. ते संग्राह्य आहेत, यात शंका नाही. रवींद्रनाथांच्या निधनानंतर १३ सप्टेंबर १९४१ रोजी निघालेली गॅझेटची स्मृतिपुरवणी आजही अभ्यासक वापरतात. मात्र वर्धापनदिनाचा अंक महापालिकेने स्वतःला कसे पाहिले हे सांगतो. त्यातील मजकूर टप्पा ६ मधील तक्त्याशी ताडून पाहावा. छायाचित्राखालची ओळ, छापल्याची तारीख आणि चित्र घेतल्याची शक्य तारीख वेगळ्या लिहाव्यात, कारण छायाचित्राचा एकच छपाईचा ठसा पुढच्या वर्षांत पुन्हा वापरला जाण्याची शक्यता नेहमीच असते. जाहिरातींतून सिमेंट, नळ, दिवे आणि औषधे पुरवणाऱ्या कंपन्यांची नावे टिपून ती निविदांच्या निकालांशी लावून पाहावीत.

टप्पा १० : हीच पद्धत मुंबईच्या कागदांना लावताना

मुंबईच्या अभ्यासकाला मुख्यतः आयुक्तांचे वार्षिक प्रशासन अहवाल आणि सभांची इतिवृत्ते मिळतात. पायऱ्या त्याच राहतात, पण झुकाव बदलतो. गॅझेटमध्ये निवडून आलेल्या सभागृहाचा आवाज मोठा आहे, तर आयुक्तांच्या अहवालात सरकारने नेमलेल्या प्रशासनाचा. म्हणून मुंबईत अहवालाची उलटतपासणी इतिवृत्तांनी करावी. मुंबईत सभागृहाच्या अध्यक्षाला महापौर ही पदवी १९३१ मध्ये मिळाली. त्याआधीच्या कागदांत महापौर शोधू नये. १८९८ मध्ये स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे त्याआधीच्या चाळी आणि नवे रस्ते यांचे कागद वेगळ्या दप्तरात शोधावेत. हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढली. लोकसंख्येचा किंवा खर्चाचा कोणताही आलेख या दोन वर्षांपाशी तोडून काढावा.

टप्पा ११ : लेखन

प्रत्येक विधानामागे अंकाची पूर्ण तारीख आणि पृष्ठ असावे, आणि स्कॅन वापरला असेल तर छापील पृष्ठक्रमांक द्यावा, फाइलचा नव्हे. उद्धृत केलेले वाक्य सभेतील भाषणाचे शब्दशः रूप आहे की वार्ताहराने केलेला सारांश, हे लिहावे. रकमा मूळ चलनात द्याव्यात. आजच्या किमतीत रूपांतर करण्याचा मोह टाळून त्याच वर्षाचा सफाई कामगाराचा पगार किंवा तांदळाचा भाव शेजारी दिला तर वाचकाला अधिक कळते.

शेवटी, ज्या धाग्यांचा शेवट सापडला नाही त्यांची यादी लेखाला जोडावी: कोणता ठराव, कोणत्या तारखेचा, कोणत्या पायरीवर दिसेनासा झाला आणि कोणते अंक पाहायचे राहिले. पुढच्या अभ्यासकाला त्या पायरीपासून काम सुरू करता येते.